हिरव्या पट्टीचा डबा

पिंपरी, १२ फेब्रुवारी १९७९

भैरू,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. नको असला तर बाजूला ठेव.

काल रविवारी येरवड्याला मुलाखतीला आले होते. दोन तास बाकड्यावर बसले. मग शिपाई येऊन म्हणाला, "बाई, तुमचा भाचा येत नाही म्हणतोय." मी म्हटलं, नसेल यायचं तर राहू द्या. तुझ्यासाठी आणलेले धपाटे परत नेले. भाकरीवाली कौसल्याबाई म्हणाली, "परत कशाला आणले?" मी म्हटलं, खा गुमान.

तुझा राग मला कळतो. कोर्टात मला विचारलं, हा हिरव्या पट्टीचा डबा कोणाचा. मी सांगितलं, "माझ्या खानावळीत साठ डबे आहेत, पट्ट्यांचा रंग उडतो, कुणाचा कुठला ते मला सांगता यायचं नाही." तेव्हा तू पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होतास. अरे, कोर्टात माणूस गांगरतं. मी जन्मात पहिल्यांदा तिथं उभी राहिले. सरकारी वकील इतका जवळ येऊन विचारत होता की डोकं रिकामं झालं. एवढंच झालं. याच्यापेक्षा जास्त मनात आणू नकोस.

दोन वर्षांची शिक्षा ऐकून तुझ्या आईनं गावाहून कार्ड लिहवून घेतलं आहे. म्हणते, पोराला तुझ्या भरवशावर पिंपरीला पाठवलं होतं, शालन, हेच का तुझं सांभाळणं. थोरली बहीण आहे, बोलणारच. मी उत्तर दिलं नाही.

अपील दाखल झालं आहे. वकील नवीन केले आहेत, नंदकिशोर वकील. वयानं लहान आहेत पण कागद वाचतात. जामिनाचं मात्र जमत नाही. जामीनदाराला सातबारा लागतो, आणि आपली खानावळ म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरची पत्र्याची शेड. तेव्हा अपिलाचा निकाल लागेपर्यंत तुला तिथंच काढावं लागेल.

थंडी आहे. घोंगडी पोचती केली आहे.

शालनमावशी

पिंपरी, ४ मार्च १९७९

भैरू,

तू उत्तर देत नाहीस. मी लिहिते.

परवा नंदकिशोर वकिलांनी मला बोलावून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तुझ्या खटल्याचे कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मी सांगितलं ते असं. त्या दिवशी अंगारकी होती. आपल्याकडची उपवासाची माणसं अंगारकीला दुपारच्या शिफ्टच्या आधी चिंचवडच्या गणपतीला जातात आणि तिथून परस्पर कंपनीत. त्यांचे डबे बिनउपवासवाले घेऊन जातात आणि गेटवर देतात. ही खानावळीची जुनी रीत आहे. तू उपवास करत नाहीस म्हणून तुझ्या सायकलला त्या दिवशी चार डबे होते, एक तुझा आणि तीन लोकांचे. कंपनीच्या अलीकडच्या वळणावर पोलिसांनी तुला थांबवलं आणि नेमका हिरव्या पट्टीचा डबा उघडला. खालच्या कप्प्यात गांजाच्या बावीस पुड्या निघाल्या. तू म्हणालास डबा आपल्याकडे जेवणाऱ्या, तुझ्याच कंपनीतल्या अर्जुनरावाचा आहे. अर्जुनराव म्हणाला आपला नाही. मी म्हणाले मला ठाऊक नाही.

वकील म्हणाले, "वरच्या कप्प्यात काय होतं? पंचनाम्यात नुसतं 'खाण्याचे जिन्नस' असं लिहिलंय." मी म्हटलं, असेल काहीतरी. मग त्यांनी पंचनामा मोठ्यानं वाचला. त्यात असं आहे: 'आमचे खास बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून आम्ही पंचांसह सापळा लावून थांबलो असता.' वाचून चष्मा काढला आणि मला म्हणाले, "चार डब्यांतला हाच कसा उघडला? त्या बातमीदारानं डब्याची खूण सांगितली होती. म्हणजे डबा कोणाचा हे त्याला पक्कं माहीत होतं. तो माणूस सापडला तर आपलं काम झालं."

"पोलिसांना विचारा की," मी म्हटलं.

"विचारून उपयोग नाही. बातमी कुठून आली हे सांगायची सक्ती पोलिसावर कोणतंच कोर्ट करू शकत नाही. कायदाच तसा आहे. तो आपणहून बोलला तरच."

"आणि बोलला तर?"

"तर भैरू सुटेल. पण असली माणसं बोलत नसतात, बाई."

मी परत आले. दुसऱ्या शिफ्टचे डबे भरायचे होते, ते भरले. तब्येत सांभाळ. तिथं कुणाशी वाद घालू नकोस, तुला ती खोड आहे.

शालनमावशी

पिंपरी, २० मार्च १९७९
(हे टाकायचं नाही. तिथं पत्र तुझ्या आधी साहेबलोक वाचतात.)

भैरू,

डबा अर्जुनरावाचा होता. मला साठच्या साठ डबे पाठ आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी नुसत्या कडीच्या आवाजावरून सांगीन. कोर्टात मी गांगरले नव्हते. खोटं बोलले.

का ते लिहिते.

ते उद्धवराव जमादार आपल्याकडे जेवायला येतात ना, ते नुसते जेवायला येत नाहीत. पाच-सहा वर्षं झाली. नगरपालिकेची माणसं शेड पाडायला आली होती तेव्हा त्यांनी मध्ये पडून थांबवलं. मग एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "शालनबाई, तुमच्याकडे शंभर माणसं जेवतात. जेवताना माणूस बोलतो. कानावर येईल ते आमच्या कानावर घालत जा." मी घालत गेले. हातभट्टी कुठं लागते, कंपनीतून तांब्याची तार कोण बाहेर काढतो. कुणाला पत्ता लागला नाही. वाढप्याच्या पातेल्याकडे बघतात लोक, वाढणारणीकडे कोण बघतं. खरं सांगू का, मला ते आवडायचं. नवरा गेल्यावर या गावात मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, आणि खाकीतला माणूस माझं ऐकून घेतो, मान डोलावतो, याचं मला बरं वाटायचं.

अर्जुनराव डबा देताना सांगायचा, "मावशी, खालचा कप्पा उघडू नका, त्यात माझं औषध हाय." एक दिवस उघडून बघितलं. चाकणहून कांद्याच्या ट्रकबरोबर सोमवारी माल यायचा आणि मंगळवारी माझ्या डब्यातून कंपनीत जायचा. मला घाम फुटला. सापडलं तर डबा माझ्या खानावळीचा. म्हणून शनिवारी मी जमादारांना सांगितलं, मंगळवारी, दुसरी शिफ्ट, हिरवी पट्टी, खालचा कप्पा. "माणूस कोण?" म्हणाले. मी म्हटलं, ज्याच्या हातात डबा असेल तोच. नाव घ्यायला जीभ रेटली नाही. एवढाच शहाणपणा नडला.

कारण मंगळवारी अंगारकी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मीच लाल खूण केली होती. सोमवारी माझ्या हातानं अठरा जणांचा साबुदाणा भिजवला, त्यात अर्जुनरावाचा होता. तरी डोक्यात उजेड पडला नाही की उद्या त्याचा डबा त्याच्या हातात नसणार. तू निघालास तेव्हा मी मागं चुलीपाशी होते. कौसल्याबाईनं डबे दिले. वरच्या कप्प्यात खिचडी होती, भैरू. तू कधी उपवास केला आहेस का? ते एक वाक्य मी कोर्टात बोलले असते तर पुरलं असतं.

तुला धरल्याचं कळलं तशी मी चौकीत धावले. जमादारांना बाजूला घेऊन म्हटलं, माणूस चुकला, हा माझा भाचा. ते म्हणाले, "माल मिळाला, पंचांच्या सह्या झाल्या, साहेबांनी वर कळवलं. आता कागदातला माणूस बदलत नसतो." आणि म्हणाले, "साक्षीला बोलावलं तर जपून. डबा कोणाचा हे सांगितलंत की पुढचा प्रश्न येणार, पोलिसांना कसं कळलं. मग अर्जुनरावाची माणसं आहेत आणि तुम्ही आहात."

मी घाबरले. दुसरं काही नाही. भीतीनं तुझी दोन वर्षं गेली, आणि ती भीती जिवाची होती की खानावळीची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पिंपरी, २ मे १९७९
(हेही टाकत नाही.)

भैरू,

अर्जुनराव अजून आपल्याकडेच जेवतो. त्यानं डब्याची पट्टी बदलून निळी करून घेतली. निकालानंतर ताटावर बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी, कोर्टात लई सरळ बोललासा. आमी इसरणार न्हाई." मी त्याला आमटी वाढली. तोही उठला नाही, मीही हात थांबवला नाही. अशी माणसं असतात, त्यांत एक मी.

काल नंदकिशोर वकिलांकडे गेले आणि सांगून टाकलं, तुमचा तो बातमीदार म्हणजे मी. त्यांचा आधी विश्वास बसला नाही. मग म्हणाले, "बाई, खालच्या कोर्टात शपथेवर एक सांगितलंत, आता दुसरं सांगणार. खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावर खटला होऊ शकतो. आत जावं लागेल. आणि एकदा फिरलेल्या साक्षीदाराचं वरचं कोर्ट ऐकेलच असंही नाही."

मी म्हटलं, लिहा. त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिलं, मी सही केली. डबा, अंगारकी, खिचडी, जमादार, सगळं त्यात आहे. आता जादा पुरावा म्हणून ते कोर्टापुढे ठेवायचं, घ्यायचं की नाही ते जज्जसाहेब ठरवणार.

जमादारांना कुणकुण लागली. आज दुपारी आले, जेवले नाहीत, नुसते उभे राहिले. "शालनबाई, मी तुमचं नाव मरेपर्यंत घेणार नाही. कायद्यानंही मला कुणी घ्यायला लावू शकत नाही. तुम्ही स्वतःच गावभर सांगत सुटलात तर मी काय करणार?"

"खरं आहे तेवढं म्हणा की जमादार," मी म्हटलं.

"आमच्या धंद्यात ते होत नाही. आज तुमचं सांगितलं तर उद्या मला बातमी कोण देईल?"

माणूस वाईट नाही. माझ्या शेडला त्यानंच हात दिला होता. पण तुझी दोन वर्षं त्याला उद्याच्या बातमीपेक्षा जड वाटली नाहीत. मला तरी कुठं वाटली होती.

पिंपरी, १८ जून १९७९

भैरू,

सुटलास. मी कोर्टात मागच्या बाकावर होते, तू पाहिलं नसशील. तुझे काका तुला घेऊन तडक एसटी स्टँडवर गेले, म्हणून हे गावाच्या पत्त्यावर.

तू कसा सुटलास ते वकिलांनी मला समजावून सांगितलं. पंचनाम्यावर ज्या पानवाल्याची सही आहे, तो त्याच चौकीच्या अकरा खटल्यांत पंच निघाला. पुड्यांवरची लाख कधी लावली, कुणासमोर लावली, याचा मेळ बसेना. जज्जसाहेब म्हणाले, अशा पंचावर विसंबून शिक्षा कायम करता येणार नाही, आरोपीला संशयाचा फायदा. जादा पुराव्याची गरजच उरली नाही.

तुझ्या कंपनीतला पत्ता माझाच असल्यानं त्यांचं पत्र इथं आलं. सोबत पाठवते. ते म्हणतात, संशयाचा फायदा मिळाला म्हणजे माणूस निर्दोष ठरला असं नव्हे. गांजा गेटच्या वळणापर्यंत आला होता हे खरं, तो कुणाचा याची कंपनी स्वतः चौकशी करणार, आणि तोवर तुला कामावर घेणार नाही. वकील म्हणतात, चौकशीत हरलास तर ही नोकरी गेली, आणि या पट्ट्यातल्या दुसऱ्या कंपन्यांतही शेरा मागोमाग जाईल.

आईला नमस्कार सांग. ती माझं नाव काढत नसेल तर सांगू नकोस.

शालनमावशी

पिंपरी, ५ जुलै १९७९

भैरू,

तुझं कार्ड परवा मिळालं. पाच महिन्यांत तुझं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. तू लिहितोस, 'मावशी, कोर्टात तू गांगरलीस हे मी समजून घ्यायला हवं होतं. तू वकिलांकडे किती खेटे घातलेस ते काकांनी सांगितलं. मुलाखतीला आलीस तेव्हा मी आलो नाही, माफ कर. आई म्हणते, पिंपरीला गेलास की आधी शालनच्या पाया पड. चौकशीसाठी येईन तेव्हा तुझ्याकडेच उतरतो.' मी ते कार्ड तीन-चार वेळा वाचलं. कौसल्याबाईला वाचून दाखवलं. ती रडली. मला रडू आलं नाही.

हे वाचायच्या आधी या पाकिटातली दोन जुनी पत्रं वाच. मार्चचं आणि मेचं. टाकली नव्हती. वाचून झाली की पुढं वाच.

वाचलीस?

अपिलाचा निकाल लागला त्या दिवशी वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र मला परत दिलं. म्हणाले, "कोर्टानं घेतलं नाही, म्हणजे तुम्ही कुठं काही बोललाच नाहीत असं समजा. घरी न्या आणि फाडून टाका. सुटला ना भाचा." ते माझ्या भल्याचंच बोलत होते. मी ते फाडलं नाही. तुझं कार्ड आल्यावर मात्र मनात आलं, फाडावं. तू येशील, पाया पडशील, मी पिठलं-भाकरी करीन, आणि हे सगळं माझ्याबरोबर जाईल. सबंध एक दिवस मी तो विचार केला. तुला खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

पण तू नोकरीशिवाय आलास तर काय खाणार? माझ्या भाकऱ्या? आणि कंपनीत तुझ्या नावापुढं गांजा, तो कशाला राहावा? म्हणून काल मी कंपनीच्या चौकशीत जाऊन उभी राहिले. बोलावलं नव्हतं. वॉचमन आत सोडेना, तेव्हा त्याला म्हटलं, नऊ वर्षं माझ्या हातचं जेवतोस, आज आडवा होतोस काय रे. सोडलं.

टेबलापलीकडे चौकशीचे साहेब, एका बाजूला अर्जुनराव, एका बाजूला उद्धवराव जमादार. त्यांना कंपनीनं बोलावलं होतं. मी प्रतिज्ञापत्र पुढं ठेवलं आणि तोंडानं सगळं सांगितलं. हिरवी पट्टी अर्जुनरावाची. खालचा कप्पा तो स्वतः भरायचा. अंगारकी होती, वर खिचडी होती, भैरू उपवास करत नाही. पोलिसांना बातमी मी दिली. कोर्टात खोटं बोलले ती मीच. बोलताना मला भीती वाटली नाही. इतकी वर्षं जिची भीती बाळगली ती गोष्ट हीच का, असं मनात आलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस सभ्य आहे. मग जमादारांना विचारलं, "या बाईंनी तुम्हाला बातमी दिली होती?"

उद्धवराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "बातमी कोणी दिली हे मला सांगता येत नाही. बाईंच्या हातचं मी जेवलो आहे. तेवढीच ओळख."

"बातमी दिल्याचा काही कागद आहे तुमच्याकडे?" साहेबांनी मला विचारलं.

कागद कुठला? खबऱ्याचा कागद असतो का कधी. असता तर मी कधीच चुलीत घातला असता. मी म्हटलं, नाही.

"खिचडी होती हे कुठं लिहिलेलं आहे?"

मी म्हटलं, नाही.

मग अर्जुनराव बोलला. अगदी शांतपणे. "सायेब, मावशीला दोष देऊ नका. भाचा हाय तिचा. बहिणीचा ल्योक. त्याच्यासाठी बाई सोताचं नाव घालवून घ्यायला तयार झाली. कुनीबी झालं असतं." साहेबांना ते पटलेलं मला त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी उठून मला दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "बाई, तुमची माया मी समजू शकतो." शपथेवर खोटं बोलले तेव्हा कोर्टानं माझं खरं धरलं, आणि काल खरं बोलले तर मावशीची माया झाली. येताना वाटेत मला हसू आलं, ते काही बरं हसू नव्हतं.

आज सकाळी चव्वेचाळीस जणांनी डबे काढून घेतले. माझ्यावर विश्वास ठेवून नव्हे. ही बाई पोलिसांचं नाव घेते, उद्या आपलं घेईल, एवढंच त्यांना कळलं. कौसल्याबाई आहे अजून.

आता तुझी पाळी. चौकशीत तुझं म्हणणं बुधवारी, अकरा तारखेला, साडेदहाला आहे. हे पत्र आणि ती दोन साहेबांपुढे ठेव. तारखा आहेत, अक्षर माझं आहे, आणि भाच्याला वाचवायला खोटं रचणारी बाई असली पत्रं भाच्यापासूनच लपवून ठेवत नाही एवढं त्यांना कळेल, कदाचित. मी सांगितलं तर ती माया होते. तू सांगितलंस, तेही रागानं सांगितलंस, तर ऐकतील. तेव्हा राग आला असेल तर तो गिळू नकोस, तसाच घेऊन जा. माझ्याविरुद्ध बोल. तुला नोकरी परत मिळायची तर यापेक्षा दुसरी वाट मला दिसत नाही.

मी सांगितलेलं खरं मानणारा आता सगळ्या पिंपरीत तू एकटाच असशील. आणि ते खरं मानलंस तर तू माझ्या दारात उभा राहणार नाहीस, हेही मला कळतं. उतरायची सोय नंदकिशोर वकिलांच्या ओळखीनं चिंचवडला एका खोलीवर केली आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तिथून कंपनी चालत अर्धा तास.

बुधवारी उशीर करू नकोस.

शालन